लेन्स परत करू नका, खेळण्यांची टोपली हलवा

"माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. मोबाइलच्या फोटोंना कंटाळून घरात पडून असलेला जुना डीएसएलआर कॅमेरा बाहेर काढला. त्याच्याबरोबर आलेल्या किट लेन्सने घरात काही धड येईना. ज्याला विचारावं तो एकच सांगे : ५० एमएम एफ १.८ लेन्स घे, अंधारातसुद्धा फोटो येतात. घेतली. आता दोन महिने झाले. शंभरातले चार फोटो बरे निघतात. उरलेल्यांत हात हललेले, नाहीतर नाक स्पष्ट आणि डोळे धूसर, नाहीतर चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळा. मुलगा कॅमेरा दिसला की दात विचकतो किंवा पळून जातो. फ्लॅश मला वापरायचा नाही, मुलगी दचकते. लेन्सच बिघडलेली असेल का? परत करून एफ १.४ घ्यावी का? तीन फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वैतागलेली आई"

ताई,

लेन्स बिघडलेली नाही. तुमचे तिन्ही फोटो मी मोठे करून पाहिले, आणि प्रत्येकात काहीतरी लख्ख स्पष्ट आहेच. पहिल्यात गालिच्याची वीण, दुसऱ्यात नाकाचा शेंडा, तिसऱ्यात खिडकीची कडी. तेव्हा परत करायचं डोक्यातून काढून टाका. एफ १.४ चं शेवटी बोलू.

फोटोंबरोबर कॅमेऱ्याने नोंदलेले आकडेही आले हे फार बरं झालं. एरवी लोक नुसतं "फोटो नीट येत नाहीत" एवढंच लिहितात आणि मला अंदाजपंचे औषध द्यावं लागतं.

पहिला फोटो. मुलगा खोलीच्या मधोमध बसून ठोकळ्यांचा मनोरा रचतोय. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलंय आणि उजवा हात म्हणजे नुसता फराटा. आकडे असे : १/४० सेकंद (शटर उघडं राहिलं तो वेळ), एफ १.८ (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ ४०० (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील). ठोकळा ठेवायला निघालेला हात सेकंदाला मीटरभर सहज सरकतो. म्हणजे १/४० सेकंदात तो अडीच सेंटिमीटर सरकला. झाला फराटा. तुमचा हात हलला असता तर गालिचाही हललेला दिसला असता, पण त्याची वीण मोजता येतेय. दोष तुमच्या हाताचा नाही आणि लेन्सचाही नाही, शटर संथ पडलं. १/२५० ला तोच हात चार मिलिमीटर सरकेल, १/५०० ला दोन. काही कॅमेऱ्यांत आणि लेन्समध्ये हलणं सावरून घ्यायची सोय असते, तिच्यावरही इथे भिस्त ठेवू नका. ती फोटो काढणाऱ्याचा हात सावरते, मुलाचा नाही.

घरातल्या मुलांच्या बाबतीत १/२५० च्या खाली उतरायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलंय. धावपळ, उड्या, उशांची मारामारी असेल तर १/५००. झोपलेल्या बाळाला १/१०० चालतं. चित्रांच्या पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलाचा फोटो १/१२५ लाही निघतो, पण पान उलटायच्या क्षणी फसतो, आणि नेमकं तेव्हाच बोट दाबलं जातं.

आता त्या "अंधारातसुद्धा फोटो येतात" वाल्यांबद्दल. त्यांनी खोटं सांगितलं नाही, अर्धवट सांगितलं. तुमच्या किट झूमचं तोंड, झूम पूर्ण लांबवल्यावर, म्हणजे ५५ एमएमला (आकडा मोठा तितकं दृश्य जवळ), एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. त्याच जागी, त्याच वेळी किट लेन्सला पाव सेकंद लागला असता. नव्या लेन्सने तो १/४० वर आणला. मिळकत दहापट झाली तरी घर चाललं नाही, कारण जागाच अंधारी होती.

शिवाय या मिळकतीचं लोक काय करतात? मागची भिंत लोण्यासारखी धूसर करण्यात उधळतात. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या तोंडाच्या लेन्सचा खरा फायदा म्हणजे मिळालेला वेळ. मुलं थांबत नाहीत, म्हणून शटरने धावायचं, आणि त्यासाठी हा जादा प्रकाश. धूसर पार्श्वभूमी ही वरकमाई. मिळाली तर घ्यावी, तिच्यावर संसार मांडू नये.

अशा लेन्स मुळात याच अडचणीतून जन्मल्या. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या लुई दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली तेव्हा लेन्स साधारण एफ १६ च्या असत. माणसांना मिनिटंच्या मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून साधारण एफ ३.६ ची पोर्ट्रेट लेन्स बसवली. एका फटक्यात वीसपट प्रकाश. तरी प्रकाश टिपणाऱ्या त्या वेळच्या प्लेट इतक्या मंद होत्या की पुढे १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरन कोंबड्यांच्या खुराड्याला काचा बसवून त्यात मुलांचे फोटो काढत, तेव्हाही पोरांना खूप वेळ थोपवून धरावं लागे. ती हलत आणि ते फोटोत दिसे. तुमच्या हातातली लेन्स त्या एफ १६ वाल्यांच्या जवळपास ऐंशीपट प्रकाश घेते. तिला एवढ्यात नावं ठेवू नका.

मग करायचं काय? एक प्रयोग करा, पाच मिनिटांचा. दिवसा, मुलं झोपलेली असताना. कॅमेरा ॲपर्चर प्राधान्याच्या मोडवर (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड; ते तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ २.२, आयएसओ ४००. घरातले सगळे दिवे बंद. एक पांढरा कागद जिथे मनोरा रचला होता तिथे, खिडकीकडे तोंड करून उभा करा, कागदाने चौकट भरून टाका आणि शटर किती येतंय ते वाचा. मग तोच कागद खिडकीपासून हातभर अंतरावर धरा आणि पुन्हा वाचा. पहिल्या जागी १/३० च्या आसपास आलं तर दुसऱ्या जागी १/२५० किंवा त्याहून जलद येईल. आठपट. एकाच खोलीत, एकाच वेळी, चार पावलांत आठपट! डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि उरलेलं मेंदू सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला असा प्रेमळ मेंदू नाही.

याचा आयएसओच्या भाषेत अर्थ पाहा. गालिच्याच्या मधोमध १/२५० आणि एफ २.२ हवं असेल तर आयएसओ साधारण ३२०० ते ४००० लागेल. खिडकीजवळ ४०० ते ५०० त भागेल. लेन्स तीच, मूलही तेच.

"पण तो तिथे बसत नाही हो," असं तुम्ही म्हणणार. बसणार नाहीच. "इकडे ये, उजेडात बस" म्हटलं की साडेतीन वर्षांचं मूल आधी कॅमेऱ्याकडे बघतं, मग तुमच्याकडे, आणि मग सोफ्याखाली शिरतं. मुलाला हलवायच्या फंदात पडू नका, खेळ हलवा. माझ्या भाचीवर मी हे शिकले. ती तीनेक वर्षांची असताना मी आदल्या रात्री, ती झोपल्यावर, खेळण्यांची टोपली कोपऱ्यातून उचलून खिडकीच्या बाजूला ठेवली आणि खाली एक पांढरी चादर अंथरली. सकाळी उठून ती डोळे चोळत टोपलीपाशी गेली आणि तिथेच बसली. टोपली का हलली हे तिने विचारलंसुद्धा नाही. तासभर मी भिंतीला टेकून होते. एका क्षणी तिने काचेची गोटी उचलून डोळ्यासमोर धरली. खिडकीचा चौकोन आधी गोटीत उलटा दिसला, मग तिच्या बुबुळात सुलटा, आणि गालावर गोटीतून गळलेला उजेडाचा एक थेंब. तो फोटो आजही माझ्या टेबलावर आहे. मी त्यात कर्तबगारी एवढीच केली होती, टोपली उचलली होती.

पांढरी चादर शोभेसाठी नव्हती. खिडकीचा उजेड वरून, एका बाजूने येतो. मूल खाली मान घालून खेळत असेल तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पांढरी चादर तोच उजेड खालून परत चेहऱ्यावर फेकते. गडद गालिचा तो गिळून टाकतो, आणि रंगीत गालिचा आपला रंग हनुवटीखाली लावून जातो. तुमच्या दुसऱ्या फोटोत मुलीच्या गळ्याखाली जी हिरवट छटा आहे, ती तिच्या खाली पसरलेल्या हिरव्या चटईची. आजारपण नाही, काळजी करू नका.

तुम्ही कुठे बसायचं, यावर निम्मा फोटो ठरतो. खिडकीला पाठ लावून बसलात तर चेहरा उजळतो पण पोळीसारखा सपाट दिसतो, वर तुमचीच सावली त्याच्यावर. खिडकी मुलाच्या मागे आली की चेहरा काळा. खिडकी तुमच्या एका खांद्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे उजेड मुलाच्या चेहऱ्यावर तिरका पडेल. एक गाल उजळ, दुसरा जरा सावळा, नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी. मुलाच्या डोळ्यांत बघा. घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी खिडकीचा लहानसा चौकोन चमकताना दिसला, की जागा बरोबर आहे. नाही दिसला तर डोळे मेलेले वाटतात, मग बाकी सगळं कितीही छान असो. मी फोकसच्या आधी तो चौकोन शोधते.

आणि खाली बसा. खरं तर आडव्या व्हा. उभ्याने काढलेल्या फोटोत टाळू मोठी, पाय बारीक आणि उरलेली सगळी फरशी. मुलीच्या फोटोसाठी पोटावर पडून, कोपरं जमिनीला टेकवून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या. कोपरं टेकली की तुमचा हातही आपोआप स्थिर होतो.

खिडकीतून थेट ऊन आत येत असेल तर त्या तिरीपेत मुलाला बसवू नका. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा कोळसा. पातळ पांढरा पडदा ओढला की खिडकीच दिव्यासारखी होते. पडदा नसेल तर उन्हाच्या पट्ट्यापासून हातभर बाजूला बसवा. फरशीवर पडलेलं तेच ऊन उसळून फार सुंदर उजेड देतं. आभाळ भरून आलं की लोक कॅमेरा ठेवून देतात, मी तेव्हा काढते. ढगाळ दिवशीची मोठी खिडकी हा मुलांच्या फोटोंसाठी मला माहीत असलेला सगळ्यात मऊ उजेड.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. खिडकीजवळ खेळ मांडायचा तो जमिनीवर. कट्ट्यावर, खुर्चीवर, उघड्या खिडकीपाशी चढता येईल अशा कशावरही नाही. आणि नऊ महिन्यांच्या मुलीजवळ हात पोहोचेल एवढ्या अंतरावर दुसरं कुणी मोठं माणूस असू द्या. कॅमेऱ्याला डोळा लावलेलं माणूस राखण करत नसतं.

तिसऱ्या फोटोचं थोडक्यात. मुलगा खिडकीसमोर उभा, खिडकी त्याच्या मागे, आणि छतावरचा दिवा चालू. कॅमेऱ्याने चौकटीतला झगझगाट पाहिला, सगळं करड्याच्या आसपास आणलं, त्यात चेहरा बुडाला. असा फोटो मुद्दाम काढायचा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो आणखी उजळ किंवा काळपट हवा हे कॅमेऱ्याला सांगायची सोय) अधिक १ ते अधिक १.७ ठेवा, खिडकी पांढरी होऊन जाईल, होऊ द्या. पांढऱ्या भिंती आणि पांढरी चादर असली तरी हीच गत होते, तिथेही अधिक दोन-तृतीयांश ते १ द्यावं लागतं.

पिवळा-निळा चेहरा मात्र निव्वळ त्या दिव्यामुळे. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका निळा), ढग असतील तर त्याहून निळा. घरातला पिवळा दिवा २७०० ते ३००० चा. कॅमेरा एका वेळी एकालाच पांढरं मानू शकतो. मुलाच्या एका गालावर खिडकी, दुसऱ्यावर दिवा. नंतर संगणकावर बसून कितीही खटपट करा, एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. दिवा बंद करा. खोली अंधारल्यासारखी वाटेल, फोटो सुधारेल. काही एलईडी दिव्यांचा आणखी एक जाच असतो. ते विजेच्या लयीत लुकलुकतात, वीज ५० हर्ट्‌झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० ची असेल तर १२०. जलद शटरला त्याचे पट्टे उमटतात किंवा एक फोटो उजळ, पुढचा काळपट येतो. खिडकी लुकलुकत नाही.

आता दुसरा फोटो, मला सगळ्यात आवडलेला. मुलगी थेट लेन्सकडे रांगत आलीय, लाळेचा एक तार चमकतोय, नाकाच्या शेंड्यावरची लव मोजता येते, आणि डोळे धुक्यात. १/२०० सेकंद, एफ १.८, अंतर अंदाजे सत्तर सेंटिमीटर. तुमच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पाटी) एवढ्या जवळून एफ १.८ ला स्पष्ट पट्टा, म्हणजे ज्याच्या पुढचं-मागचं धूसर होतं तो, मिळतो जेमतेम दीड सेंटिमीटरचा. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतच दोनेक सेंटिमीटर होतात, आणि मुलगी तेवढ्यात आणखी पुढे आलेली. लेन्सने काही चुकवलं नाही, तिला पट्टाच पुरेसा दिला नव्हता.

दोन गोष्टी बदला. एक पाऊल मागे, आणि ॲपर्चर एफ २.८. सव्वा मीटरच्या आत-बाहेर, एफ २.८ ला तोच पट्टा साडेसहा सेंटिमीटरच्या घरात जातो. दोन्ही डोळे, नाक, ओठ सगळं त्यात मावतं. चौकटीत ती लहान दिसली तर नंतर कातरा. कातरून स्पष्ट चेहरा मिळतो, धूसर डोळे मात्र कशानेच स्पष्ट होत नाहीत. या लेन्स पूर्ण उघड्या असताना जरा मऊ असतात, खिडकीच्या कडेला जांभळी किनारही पकडतात, एफ २.२ ते २.८ ला त्यांचा चेहरामोहरा बदलतो. एफ १.८ हा आणीबाणीचा दरवाजा आहे. रोजची ये-जा त्यातून करायची नसते.

हे मी कुणाला शिकवतेय? भाचीच्या पहिल्या वर्षात मी लेन्स एकदाही मिटली नाही. नवी घेतली होती ना! सगळे फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरला. पापण्या अप्रतिम. तिच्या कानांचा मात्र एकही स्पष्ट फोटो माझ्याकडे नाही. आता ती अकरा वर्षांची आहे आणि "मावशी, माझे कान तेव्हाही असेच पुढे होते का गं?" असं विचारते. पुरावा नाही.

फोकस कॅमेऱ्यावर सोडू नका. जुने डीएसएलआर आपल्या मनाने फोकसचा बिंदू निवडतात तेव्हा जे सगळ्यात जवळ असेल ते धरतात; म्हणजे नाक, हात, खुळखुळा. एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मंद उजेडात मधला बिंदू सगळ्यात भरवशाचा असतो. पण मधल्याने फोकस करून मग कॅमेरा फिरवून चौकट जमवायची सवय असेल तर ती सोडा; फिरवण्यात एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच, आणि दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात तेवढंच पुरतं. डोळा मधोमध ठेवून काढा, चौकट नंतर कातरा. सतत मागोवा घेणारा फोकस लावा, लागोपाठ तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्या. रांगणारं मूल एका फोटोत तरी पट्ट्यात सापडतं. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत बहुधा डोळा ओळखणारा फोकस असतो, तो खरंच चांगला आहे आणि मला त्याचा थोडा हेवा वाटतो. फोकससाठी कॅमेऱ्याच्या अंगावर जो लहान दिवा पेटतो, तो मेनूमधून बंद करा. मुलाला नेमका तोच दिसतो.

तरीही शंका राहिलीच तर एक चाचणी आहे. एक पट्टी तिरकी टेकवून तिच्या मधल्या आकड्यावर फोकस करा. आधी डोळा लावायच्या भिंगातून बघून, मग मागच्या पडद्यावर बघून, पाच-पाच फोटो. पडद्यावरून काढलेले बरोबर आणि भिंगातून काढलेले दर वेळी एकाच बाजूला सरकलेले निघाले, तर कॅमेरा-लेन्सची जोडी जुळवून घ्यावी लागेल. काही कॅमेऱ्यांत त्याची सोय मेनूतच असते. तुमच्या फोटोंवरून मला तसं वाटत नाही.

आयएसओला तुम्ही घाबरता, हे तिन्ही फोटोंत दिसतं. तिन्ही ४०० वर. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो. होतो. मग काय? १६०० आणि ३२०० चे दाणे तळहाताएवढ्या छापील फोटोत कुणाला दिसतही नाहीत. उलट आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि मग संगणकावर उजळ करायचा, यात जास्त कुरूप दाणे येतात. कॅमेरा मॅन्युअलवर टाका, शटर १/२५०, ॲपर्चर एफ २.२ किंवा २.८, आणि आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) ठेवा, रंग नंतर हाताशी राहतात. एकदा हे लावलं की कॅमेऱ्याच्या चाकांना हात लावायचा नाही. तुमचं लक्ष चाकांवर असतं तेव्हा मुलगा पळालेला असतो.

त्याच्या दात विचकण्याबद्दल. तो तुम्हाला तुमचंच परत करतोय. मोबाइलच्या दिवसांपासून त्याने हजारदा ऐकलंय, "बघ इकडे, हस!" आता कॅमेरा वर गेला की तो दात दाखवतो आणि आपलं काम झालं असं समजतो. काही दिवस कॅमेरा नुसता जमिनीवर ठेवा, फोटो न काढता. उचला, डोळ्याला लावा, खाली ठेवा. पट्टा गळ्यात अडकवून त्यालाही भिंगातून बघू द्या. चारेक दिवसांत कॅमेऱ्याची नवलाई जाते. मग त्याचं नाव घ्यायचं नाही, हस म्हणायचं नाही. विचारायचंच असेल तर त्याच्या कामाचं विचारा. "या मनोऱ्यात कोण राहतं?" तो उत्तर शोधायला खिडकीबाहेर बघेल. तोच फोटो. उत्तर सांगायला तुमच्याकडे बघेल. तो दुसरा. तिसऱ्याची हाव धरू नका. आणि पंधरा मिनिटांनी, तो रंगात असतानाच, कॅमेरा ठेवून द्या आणि दोन ठोकळे तुम्हीही लावा.

दोघा भावंडांना एकत्र घ्यायचं तर दोघांचे डोळे लेन्सपासून सारख्या अंतरावर हवेत. चादरीवर डोक्याला डोकं लावून उताणं झोपवा आणि वरून काढा, पट्टा गळ्यातच राहू द्या म्हणजे कॅमेरा अंगावर पडणार नाही. एफ ४. एक मूल पुढे आणि एक मागे असेल तर एफ १.८ ला एकाचाच फोटो येतो, दुसऱ्याची आठवण.

संध्याकाळी खिडकी विझली की मी थांबते. अगदीच राहवलं नाही तर सगळे दिवे घालवून एकच टेबललॅम्प मुलाच्या बाजूला ठेवते, व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा ते) त्या दिव्याचा, आयएसओ ६४००, आणि मूल गोष्ट ऐकत बसलेलं असेल तरच.

राहता राहिली एफ १.४. एफ १.८ वरून एफ १.४ वर गेलात तर प्रकाश दीडपटीच्या थोडा वर मिळतो, आणि स्पष्ट पट्टा आणखी अरुंद होतो. तुमची तक्रार पट्ट्याचीच होती. त्यापेक्षा तुमची खरी अडचण वेगळीच आहे, पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत पण फोटोंत दिसते : प्रत्येक फोटोत काहीतरी कापलं गेलंय, पाय, नाहीतर मनोऱ्याचा वरचा ठोकळा. तुमच्या लहान सेन्सरवर ५० एमएम ही ७५ ते ८० एमएमसारखी वागते. मीटरभर उंचीचं मूल आडव्या चौकटीत अख्खं घ्यायचं तर तीन मीटरहून जास्त मागे जावं लागतं, आणि मागे भिंत असते. ३५ एमएमला तेच सव्वादोन मीटरच्या आसपास जमतं. पुढेमागे दुसरी लेन्स घ्यावीशी वाटली तर ३५ एमएम एफ १.८ बघा. घेण्याआधी किट झूम ३५ वर ठेवून, त्याला तिथून न हलवता, एक दिवस खिडकीजवळ वावरून पाहा. त्या अंतरावर बसून मुलांशी बोलता येतंय का, एवढं कळलं की लेन्स कोणती घ्यायची ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.